घरच्या घरी इंजिन सेन्सरचा दोष शोधणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठला सेन्सर गेला?’ घोटाळा इथूनच सुरू होतो. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, सेन्सर दिसत नाही. त्याला दिसतात तारेतून येणारे व्होल्ट. ते पटले नाहीत की तो एक कोड लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. मग बिघाड सेन्सरमध्ये असेल, तारेत असेल, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) हिरव्या पडलेल्या पिनेत असेल किंवा सेन्सर अगदी खरं बोलत असेल आणि इंजिनच आजारी असेल. हे वेगळं करायला शोरूमचं महागडं यंत्र दर वेळी लागत नाही. मल्टिमीटर, छोटा स्कॅनर आणि थोडा धीर एवढ्यावर बरंच काम होतं.

दिवा लागलाय. गाडी चालवू की नको?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरी जायला हरकत नाही. दिवा उघडझाप करत असेल तर रेस कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. उघडझाप म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळीच गोष्ट. तो लागला तर जागच्या जागी इंजिन बंद.

सामान काय लागतं?

साधा डिजिटल मल्टिमीटर, ब्लूटूथवर मोबाइलशी बोलणारा ओबीडी अडॅप्टर (ईसीयूने लिहिलेले कोड वाचणारा छोटा स्कॅनर), लाइव्ह डेटा म्हणजे सेन्सरांचे चालू आकडे दाखवणारं एखादं ॲप, टॉर्च, दोन-चार बारीक टाचण्या आणि वही. वही हसण्यावारी नेऊ नका. आकडे डोक्यात राहत नाहीत.

अडॅप्टर बहुतेक ईएलएम३२७ जातीचे असतात. नकला भरपूर आहेत, त्यातल्या काही अधूनमधून संपर्क तोडतात. पण इंजिनाचे कोड आणि चालू आकडे वाचायला त्या सहसा पुरतात. बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र सेन्सरच्या तारांना लावू नका. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायची ईसीयूच्या सर्किटची तयारी नसते.

स्कॅनर माझ्या गाडीला चालेल का? आणि जोडायचा कुठे?

अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-टू सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला त्यानंतर. त्यामुळे त्यापुढच्या बहुतेक गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट मिळतं. सहसा ते स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास असतं. अडॅप्टर लावला आणि त्याचा दिवाच लागला नाही तर तो फेकून देण्याआधी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे व्होल्ट येतात का ते मोजा. ४ आणि ५ नंबरच्या पिना अर्थिंगच्या. १६ वर काहीच नसेल तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. चार्जर शॉर्ट होऊन तो कधीचा उडालेला असतो आणि कुणाला पत्ताही नसतो.

कोड मिळाला. त्यातून नेमकं काय कळतं?

पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी बॉडी, सी चॅसी, यू म्हणजे आतल्या नेटवर्कची तक्रार. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा आकडा विभाग सांगतो: १ आणि २ हवा-इंधन, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ प्रदूषण नियंत्रण.

खरी गोम शेवटच्या शब्दांत असते आणि तिथेच लोक घाई करतात. कोडच्या वर्णनात ‘सर्किट लो’, ‘सर्किट हाय’ किंवा ‘रेंज/परफॉर्मन्स’ असं काहीतरी असतं. लो किंवा हाय असेल तर आधी वायरिंगचा संशय घ्या, कारण व्होल्ट शक्यतेच्या पलीकडे गेलेत: तार तुटलीय, शॉर्ट झालीय किंवा कपलर निघालाय. ‘रेंज/परफॉर्मन्स’ असेल तर व्होल्ट येताहेत, पण इतर सेन्सरांच्या बोलण्याशी त्यांचा मेळ बसत नाही. तिथे सेन्सर मळलेला असू शकतो किंवा इंजिनातच काही बिघडलेलं.

काही कोड तर सेन्सरबद्दल नसतातच. पी०१७१ सांगतो की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर असतो आणि लोक त्यालाच बदलून टाकतात. पी०१२८ आला की तापमानाचा सेन्सर बदलतात, पण इंजिन वेळेत गरम होत नाही एवढीच ती तक्रार असते आणि बहुतेक वेळा उघडा राहिलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) सापडतो.

कोड पुसून बघू का, परत येतो का ते?

पुसा, पण आधी लिहून घ्या. नुसता कोड नाही, त्यासोबतची फ्रीझ फ्रेमसुद्धा. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान, वेग, लोड किती होता याचा तो फोटोच असतो. कोड पुसला की तो फोटोही जातो. बॅटरीची तार काढून ठेवली तरी अनेक गाड्यांत तेच होतं. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. जिथे प्रदूषण तपासणीत ओबीडीही वाचतात, तिथे आदल्या दिवशी कोड पुसणाऱ्यांची फजिती होते ती यामुळेच.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या गाडीला पी०१७१ आला, मेकॅनिक म्हणाला ऑक्सिजन सेन्सर, मी कोड पुसून सेन्सर बदलून घेतला. तिसऱ्या दिवशी दिवा परत. या वेळी पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उघडली: फेरे ७८०, वेग शून्य, तापमान ८७. म्हणजे गाडी गरम, सिग्नलला उभी, आयडलवर, रेस न देता नुसती चालू. आयडलला आत हवेची सगळ्यात जास्त ओढ असते, म्हणून होज (रबरी नळ्या) बघायला लागलो. इंजिनच्या झाकणावरून इन्टेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांना) जाणारी बोटाएवढी पीसीव्ही होज (इंजिनातली वाफ परत आत नेणारी नळी) वरून ठणठणीत दिसत होती. खालून बोट फिरवलं तर वळणावर तेलाने मऊ पडून ती नखभर चिरलेली. काढलेला जुना सेन्सर अजून डिकीत पडून आहे, एकदम चांगला.

फ्यूल ट्रिम म्हणजे काय? सगळे त्याचंच बोलतात.

बोलायलाच हवं. ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय ते ट्रिम सांगतं. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज करा. अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. २५ च्या आसपास गेली की कोड येण्याची वेळ झाली समजा.

गाडी पूर्ण गरम करा. आयडलवर बेरीज लिहा, मग रेस धरून २५०० फेऱ्यांवर लिहा. आयडलला २४ आणि २५०० वर ५ आलं तर कुठेतरी हवेची गळती आहे: आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरून आलेली हवा मोठी ठरते, रेस दिली की तीच हवा नगण्य होते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेलं तर पेट्रोलच कमी पोचतंय (पंप, फिल्टर) किंवा आत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळून हवा कमी सांगतोय. हे गणित मॅफ सेन्सर असलेल्या गाड्यांचं. फक्त मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत गळती झाली की बरेचदा ट्रिम फारसं हलत नाही, आयडलच चढून बसतं.

गळती शोधायला होजवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात, तसं करू का?

नको. खाली तापलेला एक्झॉस्ट आणि हातात ज्वलनशील फवारा. स्प्रे बॉटलमध्ये साधं पाणी घ्या, होजच्या जोडांवर थोडं थोडं मारा, कॉइल आणि कपलर सोडून. फट असेल तर पाणी ओढलं जाताना इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. कानाशी रबरी नळीचं एक टोक धरून दुसरं फिरवलं तरी फुसफुस ऐकू येते.

कूलंट तापमानाचा सेन्सर खरंच गेलाय हे कसं ओळखू?

सुरुवात करायला हा सगळ्यात चांगला सेन्सर. दोन तारांचा, सरळमार्गी. आत एक थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो.

पहिली चाचणी फुकटची. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी इंजिन चालू न करता नुसती किल्ली ऑन करा आणि ॲपमध्ये कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेएवढी, चार-पाच अंशांच्या फरकात असली पाहिजेत. हवा २४ आणि कूलंट ५१ सांगत असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय.

आता दुसरी. किल्ली बंद करा, सेन्सरचा कपलर काढा, किल्ली ऑन करा. ॲपवर तापमान उणे ४० च्या आसपास कोसळायला हवं. (रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. सेन्सर गायब दिसला की ईसीयू काळजीपोटी तसं करतो, हात लांब ठेवा.) परत किल्ली बंद, कपलरच्या तारेकडच्या बाजूच्या दोन्ही पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा, किल्ली ऑन. आता आकडा १३०-१४० किंवा त्याही वर उडी मारेल. दोन्ही वेळा आकडा असा हलला तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष, दोष सेन्सरचा. हलला नाही तर नवा सेन्सर घालून काही होणार नाही, तार शोधा. ही तार जोडण्याची युक्ती फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरला. तीन तारांच्या सेन्सरला चुकूनही नको, त्यात ५ व्होल्टची तार थेट अर्थ होईल.

सेन्सर हातात काढला असेल तर ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८०-९० अंशांना २००-३५० ओहमच्या घरात. गरम पाण्याच्या कपात टोक बुडवा आणि आकडा सलग उतरतो का बघा. मध्येच उड्या मारत असेल तर गेला.

तीन तारांच्या सेन्सरवर काय मोजायचं?

एक तार ५ व्होल्टची, एक अर्थिंग, एक सिग्नल. किल्ली ऑन ठेवून कपलर जोडलेलाच असताना मागच्या बाजूने, तारेच्या कडेने टाचणी आत सरकवा आणि टाचणीवर मीटर लावा. तारेच्या रबरात टाचणी खुपसू नका. सहा महिन्यांनी त्या भोकातून पाणी शिरून तार आतून काळी पडते. आणि कपलर काढून त्याच्या पिनेत मीटरचं जाड टोक घुसवूही नका: पिनेचं तोंड पसरतं, मग तिथे लूज काँटॅक्ट होतो आणि नसलेला आजार तुम्हीच लावून बसता.

५ व्होल्ट येतात का बघितल्यावर अर्थिंग बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेन्सरच्या अर्थिंग तारेला. ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. पाव-अर्धा व्होल्ट येत असेल तर वाटेत कुठेतरी गंज आहे आणि सेन्सर बिचारा तेवढ्याच चुकीने बोलतोय.

मॅप आणि मॅफमध्ये फरक काय? घरी तपासता येतात?

मॅप मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, मॅफ आत येणारी हवा वजनाने मोजतो. काही गाड्यांत दोन्ही असतात.

मॅप तपासणं गंमतशीर सोपं आहे. इंजिन बंद, किल्ली ऑन: मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. समुद्रकिनारी सुमारे १०० किलोपास्कल, १५०० मीटर उंचीवर साधारण ८५. मोबाइलमध्ये बॅरोमीटर असेल तर ताडून बघा. इंजिन चालू करून गरम आयडलला तो ३०-४० वर उतरला पाहिजे. बाहेरचा दाब बरोबर पण आयडलला ५५ च्या वर अडकला असेल तर सेन्सरला लगेच दोष देऊ नका, इंजिनची ओढच कमी पडत असेल.

मॅफसाठी ढोबळ ठोकताळा: गरम आयडलला, एसी बंद असताना, जेवढ्या लिटरचं इंजिन जवळपास तेवढे किंवा थोडे जास्त ग्रॅम दर सेकंदाला. आतली तार केसाएवढी असते. साफ करायची तर मॅफसाठीचाच क्लीनर, लांबून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही. कापूस, ब्रश, तोंडाने फुंकणं, एअर कॉम्प्रेसर, सगळं वर्ज्य.

ऑक्सिजन सेन्सर?

यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला तेव्हा त्याला हीटरही नव्हता. आता असतो, कारण साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो नीट बोलत नाही. जुन्या, अरुंद पट्ट्याच्या प्रकारात गरम इंजिनावर व्होल्ट ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वर-खाली होताना दिसले पाहिजेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतरचा, म्हणजे दुसरा सेन्सर मात्र शांत असायला हवा. नव्या वाइडबँड सेन्सरचे आकडे वेगळे, त्यांना हा नियम लावू नका.

सेन्सर ०.१ वर अडकून बसलाय? इंजिन बंद करून कन्व्हर्टरच्या आधीचा एक्झॉस्टचा जोड बघा. तिथे फट असेल तर बाहेरची हवा ओढली जाते आणि सेन्सर इमानदारीत ‘हवा जास्त’ सांगतो. हीटरचा कोड असेल, उदाहरणार्थ पी०१३५, तर काम सोपं: फ्यूज बघा, मग थंड सेन्सरच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. थोडेसे ओहम आले तर हीटर जिवंत, मीटर काहीच दाखवत नसेल तर जळाला.

गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. कोड काहीच नाही.

इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचं हे अगदी ओळखीचं लक्षण. आतली बारीक वाइंडिंग गरम झाली की तुटते, गार झाली की जुळते. सिग्नल थांबला की काही ईसीयूंना वाटतं इंजिनच थांबलं, मग कोड कशाला लिहायचा? बंद पडल्या पडल्या सेल्फ मारून ॲपमध्ये फेरे बघा. इंजिन फिरतंय आणि फेरे शून्य, तर सिग्नल येत नाही. दोनशेच्या आसपास फेरे दिसत असतील तर क्रँक सेन्सर सोडा, स्पार्क आणि पेट्रोलकडे वळा.

दोन तारांचा असेल तर ओहम मोजता येतात, बहुतेकदा काहीशे ते दीडेक हजार. गरम असताना मोजा, गार असताना तो निरागसच दिसतो. तीन तारांचा असेल तर बहुधा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला), त्याला ओहम मोड लावू नका, त्यातून काही कळत नाही.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर?

हवेची झडप किती उघडलीय ते हा सांगतो. किल्ली ऑन, इंजिन बंद, ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबत न्या आणि ग्राफ बघा. जुन्या केबलवाल्या गाड्यांत सिग्नल साधारण ०.५ व्होल्टपासून ४.५ पर्यंत सलग चढतो, मध्ये खड्डा दिसला तर तिथला ट्रॅक झिजलाय. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन असताना झडपेत बोट घालू नका. मोटर बघत नाही मध्ये काय आहे.

एकदम पाच-सहा कोड आलेत. पाच सेन्सर गेले?

पाच सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत. आधी बॅटरी: उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास, चालू गाडीला सहसा १३.८ ते १४.५, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. नंतर इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या. तिसरं, ५ व्होल्टची सामाईक लाइन. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की त्या लाइनवरचे सगळे एकदम आडवे पडतात. ५ व्होल्ट मोजत एकेका सेन्सरचा कपलर काढत जा, दर वेळी किल्ली बंद करून. ज्याचा काढल्यावर ५ परत आले तो चोर.

दोष येतो-जातो. मेकॅनिककडे नेली की गाडी शहाणी होते.

लाइव्ह डेटाचा ग्राफ लावून ठेवा आणि आयडलवर वायरिंग एकेका ठिकाणी हळूच हलवा. आकडा जिथे दचकतो तिथे थांबा. उंदीर लागल्याचीही खूण बघा, त्यांना इंजिनावरची ऊब आवडते आणि तारेचं रबरही. गरम झाल्यावरच येणारा दोष असेल तर संशयित सेन्सरवर हेअर ड्रायर, पावसातला असेल तर पाण्याचा फवारा. फिरत्या बेल्टपासून बाही आणि वायर दूर.

घरी कशाला हात लावायचा नाही?

डिझेल कॉमन रेलचे पाइप आणि इंजेक्टर. तिथला दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो, धार कातडीतून आत घुसते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरच्या तारा, त्यात ६०-७० व्होल्ट किंवा जास्त असतात. पिवळ्या कपलरच्या एअरबॅग आणि हायब्रिडच्या केशरी केबली. गरम रेडिएटरचं झाकण. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून निदान करत बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. ईसीयू गेला असेल का?

फार क्वचित. ज्यांचा ‘ईसीयू गेला’ असं ऐकलंय त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ईसीयूला नीट अर्थिंग मिळत नव्हतं किंवा कपलरमध्ये पाणी शिरलं होतं. त्याचा कपलर उघडून पिनांवर हिरवट पावडर आहे का तेवढं बघा. अर्थिंगच्या तारांवर इंजिन चालू असताना, दिवे आणि पंखा लावून व्होल्टेज ड्रॉप मोजा. ते ०.१ च्या आत आलं, ५ व्होल्ट सगळीकडे पोचले, सेन्सरचा सिग्नल ईसीयूच्या पिनेवर मीटरने दिसतोय आणि तरी ॲपमध्ये तो दिसत नाही, एवढं सगळं वहीत लिहिलेलं असेल तर मग चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ती वही घेऊन जा. त्याचं अर्ध काम तुम्ही करूनच नेलेलं असेल.